शेजारच्या खोलीतला प्रश्न

भर तासात वर्ग सोडून व्हरांड्यातून निघालेले केमिस्ट्रीचे सर, त्यांच्यामागे गोंधळलेला एखादा विद्यार्थी आणि दारा-खिडक्यांतून माना काढून त्या दोघांकडे बघणारा अख्खा वर्ग, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आमचं उस्मानाबादचं कॉलेजच पाहिलं नाही. सर शेजारच्या खोलीपाशी जाऊन थांबत. दार सताड उघडं असलं तरी बोटाच्या पेरानं टकटक करत. आतून "या" आल्याखेरीज उंबरा ओलांडत नसत. मग आत जाऊन तिथल्या प्राध्यापकांना अगदी गंभीरपणे सांगत, "सर, तुमचा एक प्रश्न चुकून माझ्या वर्गात आला होता. घेऊन आलोय." आणि त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला पुढे करत.

पोरांनी त्यांचं नाव 'शेजारी सर' पाडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मोरचूद निळाच का दिसतो, असं एकानं विचारलं तेव्हा ते त्याला फिजिक्सच्या वर्गात घेऊन गेले. रंग म्हणजे उजेडाचं काम, तो प्रश्न तिकडचा. फिजिक्सचे सर तापट. ते म्हणाले, "अहो, निदान माझा तास चालू असताना तरी तुमच्या पोरांना प्रश्न पडू देऊ नका." एकदा साखरेचं रसायन चाललेलं असताना ढोकीच्या साखर कारखान्याकडच्या एका मुलानं मागच्या बाकावरून विचारलं, "सर, कारखाना सहकारी म्हणजे नेमका कुणाचा?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. सगळा वर्गच उठवून त्यांनी अर्थशास्त्राच्या सरांकडे नेला. त्या सरांना असा जिवंत प्रश्न नोकरी लागल्यापासून कुणी विचारला नसावा. ते जे सुरू झाले ते घंटा झाली तरी थांबेनात. आमचे सर शेवटच्या बाकावर हनुवटीला हात लावून ऐकत बसले होते. बाहेर पडताना म्हणाले, "मला वाटलं होतं प्रश्न लहान आहे."

"माहीत नाही म्हणण्यात कमीपणा नसतो," ते म्हणत. "कुणाला माहीत असेल तेही माहीत नसणं, यात कमीपणा." हे वाक्य आम्ही नकला करकरून घासून गुळगुळीत केलं होतं. त्यात काय होतं ते कळायला मला बराच वेळ लागला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुली त्यांच्या लेखी 'बाई' आणि सगळे मुलगे 'राव'. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्यांनी "शकुंतलाबाई" म्हटलं तेव्हा मी उभीच राहिले नाही. मला वाटलं, दुसरी कुणीतरी असेल. आमच्या वस्तीवर माझ्या मायला, बाप्या माणसासारखं काम करणाऱ्या बाईला, गावातली शेंबडी पोरंसुद्धा नुसत्या नावानं हाक मारत. आणि इथं तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातला हा माणूस तिच्या लेकीला बाई म्हणत होता, तेही तसं म्हणण्यात काही विशेष आहे हे त्याच्या गावीही नसताना. मला तेव्हा रडू आलं होतं. मी ते सर्दीवर ढकललं.

बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण कॉलेजच्या नळाला ते कुणी सांगितलेलं नसावं. नळ मनात आलं तर यायचा. सरांच्या प्रयोगशाळेत पाण्याचा थेंब वाया गेलेला कुणी पाहिला नाही. परीक्षानळ्या धुवायला तीन बादल्या ओळीनं ठेवलेल्या असत. पहिलीत खळबळायचं, दुसरीत धुवायचं, तिसरीत फक्त बुडवायचं. ऊर्ध्वपातनाच्या वेळी नळी गार ठेवायला जे पाणी लागतं ते सगळीकडे मोरीत सोडून देतात. सर ते घागरीत धरत, घागर भरली की स्टुलावर चढवत आणि तेच पाणी पुन्हा वरून सोडत. प्रयोग संपले की वसतिगृहातल्या आम्ही मुली ती घागर न्यायचो, कपडे धुवायला. "तुमच्या साड्यांना केमिस्ट्रीचा वास येतो," असं आर्ट्सच्या मुली आम्हाला चिडवायच्या. वास पाण्याचा नव्हता, आमच्याच हातांचा होता, पण तो आम्ही मिरवायचो.

सरांचे थोरले बंधू, त्यांना सगळे अण्णा म्हणत, देवळातली घराण्याची सेवा बघायचे. ती सेवा सरांच्याही वाट्याची होती. ती अण्णांवर सोपवून ते रसायनशास्त्र शिकायला गेले होते. घरात त्यावरून बरंच रामायण झालं असणार, पण सर ते एवढ्यावर मिटवत: "माणसांचे प्रश्न आमच्या अण्णांकडं. मी आपला वस्तूंचा माणूस." यात्रेकरू आपली रडगाणी घेऊन अण्णांकडे येतात, अण्णा ती ऐकतात, हे ते कौतुकानं सांगत. स्वतःला ते जमलं नसतं असंही म्हणत.

आता माझं सांगते. आमची वस्ती येरमाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. छप्पन्न सालानंतर आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतलेला. दुष्काळात माय आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंही खडी फोडायला होते. पुढे आबांना ढोकीच्या कारखान्यात काम लागलं. उसाच्या रसाचे नमुने जिथं तपासतात त्या लॅबमध्ये बाटल्या धुवायचं. लॅबच्या खिडकीजवळ केमिस्ट साहेबांची खुर्ची होती. आबा रोज सकाळी ती खुर्ची पुसत. ते त्यांच्या कामात येत नव्हतं, तरी पुसत. "म्या ह्या खुर्चीवर धूळ बसू देत न्हाय," ते मायला सांगायचे, "माझी शकी बसायचीय तिथं." मी केमिस्ट्री घेतली ती अशी. मला विचारलं नव्हतं असं नाही, पण मला दुसरं काही सुचण्याआधी ती खुर्ची पुसून तयार होती.

मला केमिस्ट्री येत होती, हे आधी सांगते. नावडत्या विषयातून पळून गेले अशातली माझी गोष्ट नाही. सरांच्या वर्गात माझा पहिला नंबर असायचा, आणि वहीवर सर शेरा मारायचे, "वाचताना आनंद झाला."

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रात यात्रा भरते. पालखी चुन्याच्या रानात येते आणि आलेला प्रत्येक माणूस रानातले चुन्याचे पांढरे खडे वेचून एका जागी टाकतो. त्याचा चुना देवळाच्या कामाला जातो. दरवर्षी एवढी माणसं वेचतात, तरी पुढच्या चैत्रात रानात खडे असतातच, ही देवीची करणी, असं सगळे सांगतात. आमच्या घरात देवी-बिवी बंद झाली होती, पण रानाच्या कडेला उभं राहून बघायला कुणाची आडकाठी नव्हती. शेजारणींची बोटं धरून मी लहानपणापासून ते बघत आले होते. काळ्याभोर मातीत वाकलेली हजारो माणसं, आणि प्रत्येकाच्या मुठीत पांढरे खडे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी यात्रेहून परतताना रस्त्याकडेच्या दुसऱ्या एका रानातले थोडे खडे मी ओच्यात बांधून आणले.

परीक्षेआधीची प्रॅक्टिकलची उजळणी चालू होती. मी एक खडा फोडून परीक्षानळीत टाकला, वरून आम्ल सोडलं. फसफसून आलं. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधासारखी झाली. सर म्हणाले, "झालं. कॅल्शियम कार्बोनेट." आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

मी म्हणाले, "ते झालं, सर. पण हे काळ्या रानात येतं कुठनं? आजूबाजूला चुन्याचा डोंगर नाही. वेचून नेलं तरी पुन्हा कसं येतं?"

सर परत वळले. हातातली परीक्षानळी त्यांनी स्टँडमध्ये ठेवली, हात पुसले. "शकुंतलाबाई," ते म्हणाले, "हा प्रश्न माझा नाही. चला."

वर्गानं नेहमीप्रमाणे माना बाहेर काढल्या. आम्ही फिजिक्सच्या दारावरून पुढे गेलो. बॉटनीच्या दारापाशी सर घुटमळले, पुढे निघाले. जिना उतरून भूगोलाच्या सरांकडे गेलो, टकटक केली, "या" आलं. भूगोलाचे सर भले माणूस. मातीबद्दल थोडं सांगून ते म्हणाले, "याच्या पुढचं खडकात शिरतं. ते भूगर्भशास्त्र. ते आपल्याकडं नाही." आम्ही बाहेर आलो. व्हरांडा संपला होता. समोर सायकली लावायची जागा आणि तिच्यापलीकडे बाभळी. सरांचा हात टकटक करायच्या बेतात तसाच वर राहिला होता, आणि वाजवायला दार नव्हतं. त्यांना असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"याची खोली औरंगाबादला आहे," हात खाली घेत ते म्हणाले. "परीक्षा होऊ द्या. मग बघू."

तो अख्खा उन्हाळा मी वाया घालवला, म्हणजे मायच्या मते. आमच्या वस्तीसाठी दुष्काळात एक विहीर मंजूर झाली होती. वस्तीतल्याच लोकांनी ती खणली, माय-आबांनीही. खोल खोल गेले, पाणी लागलं नाही, मग दुष्काळी काम संपलं आणि तो कोरडा खड्डा तसाच राहिला. त्या खड्ड्यात डोकावत बसायचा मला नाद लागला. भाकरीला पापुद्रे सुटावेत तसे त्याच्या अंगाला थर दिसत. वर काळी माती, तिच्यात पांढरे खडे, खाली मुरूम, मग एक तांबडा पट्टा, आणि तळाला काळा खडक. हे एकावर एक असं का, कधीचं, हे मला इतकं विचारावंसं वाटायचं की जेवताना घास हातात राहायचा. माय म्हणायची, "पोरगी हिरीवर जाऊन बसती, काय जीवबिव देती का काय!"

निकाल लागला. केमिस्ट्रीत मी कॉलेजात पहिली. आबांनी लॅबमध्ये साखर वाटली. साखर कारखान्यात साखर वाटणारा पहिला माणूस म्हणून लोक खूप हसले, आबाही हसले. आणि मी सरांकडे जाऊन म्हणाले की मला विषय बदलायचा आहे. औरंगाबादला, भूगर्भशास्त्राला, पुन्हा पहिल्या वर्षापासून.

सरांनी आधी खिडकी लावून घेतली, बाहेर पोरं होती. मग म्हणाले, "बाई, यात माझा तोटा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं तिसऱ्या वर्षाला स्पेशल केमिस्ट्री सुरू व्हावी म्हणून मी केव्हाचा खटपट करतोय. विद्यापीठाला पुरेशी मुलं लागतात. मी तुम्हाला धरून चाललो होतो. तेव्हा आज मी तुम्हाला 'थांबा' म्हणालो, तर ते ऐकू नका. ते माझा वर्ग बोलत असेल."

"मग तुम्ही काय म्हणता, सर?"

"तुम्ही उत्तरं माझ्या विषयाची देता, फार सुंदर देता. पण प्रश्न तुम्हाला माझ्या विषयातले पडतच नाहीत. वर्षभर मी वाट बघितली." एवढं बोलून ते थोडे खट्टू झाले, ते मला दिसलं. मग लगेच त्यांनी माझ्या वडिलांचा पत्ता विचारला.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं. "स्वतःच्या वर्गातून पोरं बाहेर काढणारा प्राध्यापक मी पहिल्यांदाच बघतोय," असं ते चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले. सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "बाहेर नाही, सर. शेजारी," ते म्हणाले, आणि उरलेला चहा प्याले.

सर ढोकीला यायचे होते त्याच्या आदल्या दिवशीच मी आबांकडे गेले होते, पण माझं तोंड उघडलं नव्हतं. गळीत हंगाम संपलेला, कारखाना थंड, लॅबमध्ये आबा एकटेच कपाटं साफ करत होते. सर दारात थांबले, टकटक केली. या खोलीचं दार त्यांच्यासाठी कुणी असं वाजवलेलं आबांना आठवत नसावं, ते "या" म्हणायचंच विसरले. सर उभेच. शेवटी मी म्हणाले, "आबा, या म्हणा." तेव्हा आबा धावत पुढे गेले, "जय भीम, सर, या, या." सर म्हणाले, "जय भीम," आणि आत आले.

आबांनी ती खुर्ची पुढे केली. "बसा. हितंच बसणार हाय बगा आमची पोरगी."

सर खुर्चीकडे बघत राहिले. "ती केमिस्ट साहेबांची," असं म्हणून ते मोरीजवळच्या आबांच्या स्टुलावर बसले, आणि आडवळणं न घेता सगळं सांगून टाकलं.

सगळं ऐकून आबा माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, तेच अवघड झालं. "दगडं शिकणार तू?" ते म्हणाले. "आमी खडी फोडली, तेवढं बास न्हाय झालं व्हय? दगडापासून सुटावी म्हणून शाळंत घातली, अन् तू परत दगडाकडंच निघालीस. उन्हातानात, डोंगरानं हिंडायला. इथं सावली हाय, पंखा हाय, खुर्ची हाय." मग सरांकडे वळले. "सर, तुमी तर केमिस्ट्रीचे. तुमच्याच इषयात पैली आली पोरगी, अन् तुमीच म्हणताव दुसरीकडं घाला. ही कसली रीत?"

"तुमचं खोटं नाही," सर एवढंच म्हणाले. मी फरशीकडे बघत उभी होते. मला आबांचा राग येत नव्हता. त्यांच्या हाताच्या भेगा दिसत होत्या आणि मला वाटत होतं, जाऊ दे, बसू त्या खुर्चीवर, काय बिघडतंय.

आबांनी एक बाटली उचलली, आधीच धुतलेली, आणि पुन्हा धुवायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "सर, एक इचारू का? ह्या शिक्षणानं पाणी कुठं लागंल ते कळतंय का?"

आता सर सहज 'हो' म्हणाले असते तर काम झालं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो. सर म्हणाले, "मला माहीत नाही. हा प्रश्न माझा नाही." आबांचे हात थांबले. सर स्टुलावरून उठले. "पण तो कुणाचा, ते मला माहीत आहे. चला, तिघंही जाऊन विचारू."

दोन-चार दिवसांनी येरमाळ्याच्या फाट्यावर आम्ही बापलेक उभे होतो. उस्मानाबादहून औरंगाबादला जाणारी एसटी आली. खचाखच. पण मधल्या बाकावर एक दस्ती, सरांचा हातरुमाल, अंथरलेली आणि तिच्याशेजारी सर, जागेवरून भांडून लालबुंद झालेले. आबा खिडकीशी बसले. बीड मागे पडल्यावर सरांनी डबा उघडला, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि भाकरी मोडून अर्धी आबांच्या हातावर ठेवली. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खाल्ली. त्यांच्या पिढीच्या माणसाला त्या अर्ध्या भाकरीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. सर मात्र चटणीत मीठ कमी पडलंय का, याच काळजीत होते.

औरंगाबादच्या त्या कॉलेजचा व्हरांडा आमच्यापेक्षा कितीतरी लांब. भूगर्भशास्त्राची खोली अगदी टोकाला. दार उघडंच होतं, आत एक जाडजूड चष्म्याचे प्राध्यापक टेबलावर दगड मांडून बसले होते. आमच्या सरांनी शर्ट खोचला, बोटाच्या पेरानं टकटक केली, "या" यायची वाट बघितली, आणि आत जाऊन अगदी त्याच गंभीर आवाजात म्हणाले, "सर, तुमचे दोन प्रश्न चुकून आमच्याकडं आले होते. घेऊन आलोय. एक या बाईंचा, एक यांचा." मला आणि आबांना त्यांनी पुढे केलं.

प्राध्यापकांनी आधी आबांना बसवलं. पाणी कुठं लागंल ते कळतं का, या प्रश्नावर ते हसले नाहीत. "दर वेळी नाही कळत," ते म्हणाले. "पण कुठं खणू नये, ते पुष्कळदा सांगता येतं." मग त्यांनी विहिरीतून काय काय निघालं ते विचारलं. आबा सांगत गेले, वर काळी माती, मग चुनखड, मग मुरूम, मग तांबडं, मग काळा पाषाण, अखंड, सुरुंगाला दाद न देणारा. प्राध्यापक फळ्यावर ते काढत गेले. आबा आयुष्यात पहिल्यांदा वर्गातल्या बाकावर बसले होते, आणि समोरच्या फळ्यावर त्यांची विहीर होती. ती कुठं चुकली, ओढ्याच्या अंगाला घेतली असती तर काय होण्याची शक्यता होती, हे त्या भल्या माणसानं खडूनं दाखवलं.

आबा फळ्याकडे बघत राहिले. "एवढं जरी त्या वक्ताला कुणी सांगितलं असतं," ते म्हणाले. "आमच्या माणसांची हाडं मोडली हो तिथं." त्यांनी डोळे पुसले, चारचौघांत, न लाजता. मग माझ्याकडे न बघता सरांना म्हणाले, "घाला नाव."

माझा चुन्याचा प्रश्न त्या दिवशी राहूनच गेला. प्राध्यापक म्हणाले, "तो आता इथंच राहणार आहे, घाई काय?"

परतीच्या बसमध्ये मी आबांना भीत भीत खुर्चीबद्दल विचारलं. "खुर्चीचं काय," ते म्हणाले, "बसंल की कुणीतरी." पण त्यांना लागलं होतं, आणि ते लागलेलं पुढं बराच काळ राहिलं. त्या खुर्चीवर नवा केमिस्ट आला, आबा ती पुसतच राहिले. सरांची स्पेशल केमिस्ट्री त्या वर्षी सुरू झाली नाही. मी गेले, आणखी एकजण मास्तरकी शिकायला गेला, मुलं कमी पडली. पुढे ती सुरू झाली, उशिरा झाली. त्या उशिराबद्दल सरांनी मला कधी एका शब्दानं ऐकवलं नाही. मी सुट्टीत भेटायला गेले की आधी विचारत, "काय बाई, आता प्रश्न कुणाचे पडतात?"

मी पाण्याच्या सर्वेक्षणात नोकरीला लागले. उन्हातानात, डोंगरानं, आबा म्हणाले होते तसंच. मी दाखवलेली पहिली विहीर कोरडी निघाली, हेही सांगायला हवं. नंतरच्या पुष्कळ लागल्या. आमच्या वस्तीला मात्र माझ्या आधीच दुसऱ्या कुणीतरी जागा दाखवून पाणी दिलं होतं, त्यामुळे तो मान माझा हुकला. आबांना त्याचं काही नव्हतं. कारखान्यात ते सांगत, "माझी पोरगी मोठी साहेब हाय. कुठं खणायचं न्हाय, ते सांगती." गावोगावी फिरताना लोक मला विजेचं विचारत, रस्त्याचं विचारत, रेशनचं विचारत. 'ते माझ्या खात्यात येत नाही' असं म्हणून जीपमध्ये बसणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. मी त्या माणसाला बरोबर घ्यायची, ज्याचं काम त्याच्या कचेरीपर्यंत जायची आणि दार वाजवायची. आमचे साहेब लोक वैतागत. मी काय करणार? मला तसंच शिकवलेलं होतं.

सर निवृत्त होऊन तुळजापूरला घरी राहायला गेले. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांची दृष्टी बरीच गेली होती. त्यानंतर ते फार राहिले नाहीत. त्या दिवशी आवाजावरून मला ओळखून म्हणाले, "शकुंतलाबाई, तुमचा तो चुना राहिलाय." इतक्या वर्षांत मी त्यांना त्याचं उत्तर नीट सांगितलंच नव्हतं. मग मी सांगितलं. आपल्या काळ्या खडकातच चुना असतो, तो झिजला की मातीत येतो. पावसाचं पाणी त्याला विरघळवतं, पण वाहून न्यावा एवढा पाऊस आपल्याकडे पडतच नाही. पाणी उन्हानं उडून जातं आणि चुना जागच्या जागी खडा होऊन बसतो. वरची माती नांगरली, धुपली, की खालचे खडे वर दिसतात. "म्हणजे सर," मी म्हणाले, "भरपूर पावसाच्या मुलखात तसलं रान नसतं. ते आपल्याकडंच."

सर डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर तोच आनंद, वहीवरच्या शेऱ्यातला. मग म्हणाले, "कुठनं येतो ते कळलं. पण बाई, एवढी माणसं उन्हात वाकून ते वेचतात का?"

मी म्हणाले, "सर, हा प्रश्न माझा नाही."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मग त्यांनी हात पुढे केला, मी धरून उठवलं, आणि भिंतीच्या आधारानं ते निघाले. मी मागे. शेजारच्या खोलीत अण्णा होते, नव्वदीला टेकलेले, खाटेवर, दाराकडे तोंड करून. दार उघडंच होतं. सर उंबऱ्यापाशी थांबले, चाचपून चौकट शोधली आणि बोटाच्या पेरानं टकटक केली.

"अण्णा, तुमचा एक प्रश्न चुकून आमच्याकडं आला होता," ते म्हणाले, आणि मला पुढे केलं.

अण्णांनी पाय आखडून घेऊन खाटेवर माझ्यासाठी जागा केली. "या," ते म्हणाले.